बर्फाच्या मागावर गेलेला शास्त्रज्ञ : आल्फ्रेड वेगेनर



आपल्या भित्तीपत्रिकेच्या थोरांची ओळख या सदरासाठी या वेळी मी जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांची निवड केली आहे. या सदरात नेहमी आपल्या देशातल्या थोर माणसांची चरित्रे येतात. मग हा परदेशी माणूस मध्येच कुठून आला, असे काहींना वाटेल. पण वेगेनर यांनी जगाला जी गोष्ट सांगितली तिचा एक भक्कम पुरावा आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी आहे. आणि ते गेल्यानंतर त्यांचे म्हणणे खरे ठरवायला आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही साक्षीला उभा राहिला. तेव्हा हे चरित्र आपलेही आहे, असे समजून वाचा.

बालपण आणि शिक्षण

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म दि. १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन शहरात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील धर्मोपदेशक होते आणि शाळेत प्राचीन भाषा शिकवीत. घरात पुस्तके भरपूर. पण धाकट्या आल्फ्रेडचा जीव रमे तो बाहेर. डोंगर चढणे, बर्फावरून घसरपट्टीने जाणे, मैलोन् मैल चालणे यात त्यांना आनंद वाटे. पुढे ग्रीनलंडच्या बर्फात जाण्याची तयारी अशी लहानपणापासूनच होत गेली.

त्यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास केला आणि १९०५ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पण दुर्बिणीपाशी बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते हवामानशास्त्राकडे वळले. त्या काळी वरच्या हवेचे तापमान आणि वारा मोजण्यासाठी मोठमोठे पतंग आणि फुगे आकाशात सोडत. आपण संक्रांतीला पतंग उडवतो ते काटाकाटीसाठी. वेगेनर पतंगाला उपकरण बांधून उडवत! एप्रिल १९०६ मध्ये त्यांनी आणि त्यांचे थोरले भाऊ कुर्ट यांनी मोठ्या फुग्यात बसून सलग साडेबावन्न तास आकाशात काढले. तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. दोन दिवस आणि दोन रात्री फुग्याला टांगलेल्या टोपलीत, तेही कडाक्याच्या थंडीत. मला तर हे वाचूनच हुडहुडी भरली.

त्याच वर्षी ते डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेले. ग्रीनलंड म्हणजे जगातले सर्वांत मोठे बेट. नावात हिरवा रंग असला तरी त्याचा बहुतेक भाग बर्फाखाली आहे. या मोहिमेत मोहिमेचा प्रमुख आणि त्याचे दोन साथीदार बर्फातच मरण पावले. म्हणजे बर्फ माणसाचे काय करू शकतो हे वेगेनर यांनी पंचविशीतच जवळून पाहिले होते. तरीही ते पुन्हा पुन्हा तिकडे गेले.

नकाशातली जुळणी

परत आल्यावर ते मारबुर्ग येथील विद्यापीठात शिकवू लागले. १९१० च्या नाताळच्या सुमारास एका मित्राकडे आलेला नवा नकाशासंग्रह ते चाळत होते. त्यात त्यांना दिसले की दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतील असे आहेत. मित्रांनो, आपल्या वर्गातल्या जगाच्या नकाशावर तुम्हीही हे पाहा. फाडलेल्या कागदाचे दोन तुकडे जसे जुळतात तसेच ते दिसते.

हे याआधी इतरांच्याही लक्षात आले होते. पण वेगेनर तेवढ्यावर थांबले नाहीत. जुळते आहे म्हणून गंमत वाटणे वेगळे आणि ते सिद्ध करण्यासाठी पुरावे गोळा करणे वेगळे. पुढच्या वर्षी त्यांच्या वाचनात आले की समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या प्राण्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडतात. जीवाश्म म्हणजे दगडात राहिलेले जुन्या जीवांचे अवशेष किंवा ठसे. नदी-तळ्यात राहणारा लहानसा सरपटणारा प्राणी हजारो किलोमीटरचा खारा समुद्र पोहून कसा जाईल? त्या काळचे शास्त्रज्ञ म्हणत की पूर्वी मध्ये जमिनीचे पूल होते आणि ते नंतर बुडाले. वेगेनर यांना ते पटेना.

दि. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी आपला विचार मांडला. सर्व खंड एके काळी एकत्र होते. नंतर ते फुटले आणि हळूहळू एकमेकांपासून सरकत गेले. यालाच खंडवहनाचा सिद्धांत म्हणतात.

त्यानंतर लगेच ते दुसऱ्यांदा ग्रीनलंडला गेले. १९१२-१३ च्या या मोहिमेत चार माणसे होती आणि ओझे वाहायला आइसलंडची तट्टे. त्यांनी संपूर्ण हिवाळा बर्फावरच काढला. मोहिमेचे प्रमुख कोख बर्फाच्या भेगेत पडले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे ग्रीनलंड ओलांडताना शिधा संपला, तट्टे संपली. मरता मरता त्यांची सुटका झाली. घरी परतल्यावर वेगेनर यांचे एल्से यांच्याशी लग्न झाले. एल्से या प्रसिद्ध हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांच्या कन्या. या दांपत्याला पुढे तीन मुली झाल्या.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. वेगेनर यांना सैन्यात जावे लागले. आधी हाताला आणि मग मानेला गोळी लागली. दुखापतीमुळे विश्रांती घेताना त्यांनी खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरचे आपले पुस्तक लिहून काढले. ते १९१५ साली छापले गेले. आपण तापाने दोन दिवस झोपलो की गृहपाठ टाळतो. त्यांनी मानेवर जखम असताना जगाचा नकाशा नव्याने मांडला.

चंद्रपूरचा बर्फ

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. चंद्रपूर म्हटले की उन्हाळा आठवतो. तिथे पारा पंचेचाळीस अंशांच्याही पुढे जातो. अशा ठिकाणी कधी काळी बर्फाचे थरच्या थर होते असे कोणी सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवाल का? माझे ऐरोलीचे आजोबा तर मोठ्याने हसले. पण दगड खोटे बोलत नाहीत.

ही गोष्ट वेगेनर यांच्या जन्माच्याही आधीची आहे. १८५६ साली ओरिसातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड खडकांची पाहणी करत होते. त्यांना बारीक मातीच्या थरात मोठमोठे धोंडे रुतलेले दिसले. नदी असे करत नाही. नदीच्या पाण्याला जोर असला तर ती मोठे धोंडे आणते आणि जोर ओसरला की वाळू, माती टाकते; म्हणजे ती निवडून निवडून ठेवते. पण इथे धोंडे, खडे, माती असे सगळे एकत्र होते. बैलगाडीतून आणलेला मुरूम ओतावा तसे. असे काम फक्त बर्फ करतो, असे त्यांनी मांडले. भारतासारख्या उष्ण देशात बर्फ! अनेकांना ते खरे वाटले नाही.

मग १८७० नंतरच्या काही वर्षांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी फेडन चंद्रपूरच्या भागात फिरत होते. चंद्रपूरपासून दहा मैलांवर, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरवर, पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. तिथे धोंड्यांच्या थराखालचा चुनखडीचा खडक त्यांना उघडा पडलेला दिसला. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकमेकांना समांतर अशा रेघा आणि खोबणी होत्या. फेडन यांनी १८७५ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली.

या रेघा कशा पडल्या असतील? आई नारळाच्या शेंडीने पितळेचे पातेले घासते तेव्हा शेंडीत एखादा खडा अडकला तर पातेल्यावर सरळ ओरखडा उठतो. हिमनदीचेही तसेच. बर्फाचा प्रचंड थर हळूहळू सरकत असतो. त्याच्या तळाला दगडगोटे चिकटलेले असतात. वरचे सगळे वजन त्यांच्यावर येते आणि ते खालच्या खडकाला घासत, कोरत पुढे जातात. बर्फ वितळला की धोंडे जागीच राहतात आणि वितळलेल्या पाण्याचे लोंढे माती, वाळू वाहून नेऊन तळ्यांत पातळ पातळ थर घालतात. असे सर्व थर आपल्याकडे आहेत. त्यांचे वय सुमारे तीस कोटी वर्षे. त्यांच्या वरच्या थरांत चंद्रपूर-बल्लारपूरचा दगडी कोळसा आहे. म्हणजे आधी बर्फ, आणि मग दाट जंगल.

आणखी एक अभिमानाची गोष्ट सांगतो. या खडकांना जगभर गोंडवन हे नाव आहे. गोंड लोकांच्या प्रदेशावरून ते पडले. चंद्रपूर ही तर गोंड राजांची राजधानी. दक्षिणेकडच्या जुन्या अखंड भूमीलाही पुढे गोंडवनभूमी म्हणू लागले. परदेशातली मुलेही भूगोलात आपल्या गोंडांचे नाव घोकतात!

असेच बर्फाचे थर त्याच काळात दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही साचले होते. आता नकाशा पाहा. हे सगळे देश आज आहेत तिथेच तेव्हा असते तर अर्ध्या पृथ्वीवर, थेट विषुववृत्तापर्यंत बर्फ पोहोचला असता. तसे होते म्हणावे तर त्याच काळात युरोप-अमेरिकेत दमट, उबदार जंगले होती. मग हे कोडे सुटायचे कसे? वेगेनर यांनी ते सोडवले. त्यांनी हे सर्व तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणून ठेवले. झाले! सगळा बर्फ एका जागी आला. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या उत्तरेला नव्हताच. तो दक्षिणेला, ध्रुवाच्या बाजूला होता. १९२४ साली सासरे कोपेन यांच्याबरोबर त्यांनी प्राचीन काळच्या हवामानावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात हा हिशेब सविस्तर मांडला. दगडांवरचे हे ओरखडे त्यांना इतके बोलके वाटले याचे कारण उघड आहे. बर्फ कसा सरकतो हे त्यांनी ग्रीनलंडमध्ये स्वतः अनुभवले होते.

आमचा दगडशोध

आपल्या वर्गाची सहल ऐरोलीला गेली होती तेव्हाचा दगडशोधाचा खेळ वर्गमित्रांना आठवत असेलच. पालकांसाठी तो थोडक्यात सांगतो. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ मे २००० मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सुरू झाला. कोणीतरी एखादी डबी लपवून ठेवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश सांगतो. बाकीच्यांनी उपकरणाच्या साहाय्याने ती शोधायची, वहीत नाव लिहायचे आणि डबी पुन्हा जागच्या जागी ठेवायची. गुरुजींनी आपल्या मोबाइलवर जागा दाखवून आमच्याकडून तसाच शोध करवला. प्रत्येक डबीत एक चिठ्ठी आणि एक कोडे.

पहिली डबी खाडीच्या बाजूला होती. कोडे असे की पाणी दगड वाहून नेते की माती? भरती-ओहोटीच्या संथ पाण्याने तिथे नुसता चिखल आणून टाकला आहे, धोंडा एकही नाही. दुसरी डबी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथे काळा दगड. त्यावर इरईसारखे ओरखडे शोधा, असे चिठ्ठीत होते. आम्ही खूप शोधले. टाकीचे आणि यंत्राचे घाव दिसले, पण बर्फाच्या रेघा मिळाल्या नाहीत. गुरुजींनी सांगितले की मिळणारच नाहीत. कारण हा दगड लाव्हारसाचा आहे, बर्फाच्या कितीतरी नंतरचा. जे नाही ते नाही असे लिहिणे हेही शोधाचेच काम आहे. तिसरी डबी माझ्या आजोळी, आजीच्या पाट्या-वरवंट्याजवळ होती! त्याच काळ्या दगडाचा पाटा. कोडे असे की हा दगड उत्तरेचा की दक्षिणेचा? याचे उत्तर पुढे येईल.

लोकांचे हसणे

वेगेनर यांच्या पुस्तकाच्या १९२०, १९२२ आणि १९२९ मध्ये सुधारित आवृत्त्या निघाल्या. इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये आले आणि टीकेची झोड उठली. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये या विषयावर मोठी सभा झाली. बहुतेकांनी सिद्धांत नाकारला. हवामानाच्या माणसाने भूशास्त्रात लुडबूड करू नये, असाही सूर होता. जर्मनीत त्यांना मनासारखी प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. शेवटी १९२४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाने त्यांना बोलावले.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता. एवढे प्रचंड खंड सरकवणारी शक्ती कोणती? वेगेनर यांनी पृथ्वीच्या फिरण्यातून आणि चंद्र-सूर्याच्या ओढीतून येणारी बळे सुचवली. पण गणित केल्यावर ती फारच तोकडी निघाली. खंड सरकण्याचा त्यांनी धरलेला वेगही फार जास्त होता. हे लपवण्याचे कारण नाही. थोर माणसाचे सगळेच बरोबर असते असे नाही. पण शक्ती सापडली नाही म्हणून पुरावे खोटे ठरत नाहीत, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. टीका झाली की ते चिडत नसत; पुढच्या आवृत्तीत नवे पुरावे घालत.

असे हसू त्या काळात आणखी एकाचे झाले. अमेरिकेत ब्रेट्झ नावाचे एक संशोधक होते. आधी ते सिॲटल शहरात शाळामास्तर होते. वॉशिंग्टन राज्यातला एक ओसाड मुलूख त्यांनी पायी फिरून पाहिला. तिथला खडक आपल्यासारखाच काळा, लाव्हारसाचा. त्यात कोरड्या दऱ्या, धबधब्यांचे प्रचंड कडे, पण पाणी नाही. १९२३ मध्ये त्यांनी मांडले की एका महापुराने हे सगळे कोरले आहे. तेही कोणी मानेना. पुढे कळले की हिमयुगाच्या अखेरीस बर्फाच्या बांधाने अडलेले एक मोठे सरोवर बांध फुटून वारंवार रिकामे झाले होते. ब्रेट्झ यांना दीर्घायुष्य लाभले. १९७९ साली त्यांना भूशास्त्रातले मोठे पदक मिळाले. २००९ मध्ये त्या पुराच्या वाटेला राष्ट्रीय भूवारसा मार्ग म्हणून मान्यता मिळाली. आज लोक त्या वाटेने दऱ्या पाहत हिंडतात. वेगेनर यांच्या नशिबी मात्र असा दिवस नव्हता.

शेवटचा प्रवास

१९३० साली वेगेनर मोठी मोहीम घेऊन पुन्हा ग्रीनलंडला गेले. बर्फाच्या मधोमध, किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत एक ठाणे उभारून वर्षभर हवामान मोजायचे ठरले होते. बर्फाची जाडी मोजण्याचेही काम होते. स्फोट करून त्याचा हादरा खालच्या खडकावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, यावरून ती मोजत. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मध्यभागी बर्फ अडीच किलोमीटरहूनही जाड आहे. आपले कळसूबाईचे शिखर आहे १६४६ मीटर. म्हणजे अख्खे कळसूबाई त्या बर्फात बुडून वर दुसरा डोंगर मावेल.

पण त्या वर्षी सुरुवातीपासून अडचणी आल्या. समुद्र गोठलेला असल्याने सामान उतरवायला आठवडे गेले. पंख्याने चालणाऱ्या नव्या मोटार-घसरगाड्या खोल बर्फात निकामी ठरल्या. आतल्या ठाण्यावर गेओर्गी आणि झोर्गे हे दोन सहकारी होते. त्यांच्याकडे हिवाळ्यापुरता शिधा आणि इंधन नव्हते. वेगेनर मोहिमेचे प्रमुख होते. दुसऱ्या कोणाला पाठवून ते किनाऱ्यावर राहू शकले असते. पण सप्टेंबरच्या अखेरीस ते स्वतः निघाले. बरोबर लोवे नावाचे सहकारी, १३ ग्रीनलंडवासी आणि कुत्र्यांच्या १५ गाड्या.

वाटेत बर्फाची वादळे सुरू झाली. थंडी उणे ५० अंशांच्याही खाली गेली. एकेक करून बारा ग्रीनलंडवासी परत फिरले. त्यांना तरी दोष कसा द्यावा? त्यांना तो बर्फ चांगला माहीत होता. शेवटी वेगेनर, लोवे आणि रास्मुस व्हिलुम्सेन नावाचा एक तरुण ग्रीनलंडवासी असे तिघेच उरले. सुमारे चाळीस दिवसांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस ते ठाण्यावर पोहोचले. बहुतेक सामान वाटेतच टाकावे लागले होते. लोवे यांच्या पायाची बोटे गोठून गेली होती. ती कापावी लागली. ठाण्यावरच्या दोघांनी बर्फात खोदलेल्या गुहेत राहून, काटकसर करून हिवाळा काढायचे ठरवले होते. लोवे यांना चालणे शक्य नव्हते. म्हणजे तिघे राहणार. पण पाच तोंडांना पुरेल एवढे अन्न नव्हते.

दि. १ नोव्हेंबर १९३० हा वेगेनर यांचा पन्नासावा वाढदिवस. त्याच दिवशी ते आणि रास्मुस कुत्र्यांच्या दोन गाड्या घेऊन परत निघाले. ते किनाऱ्यावर कधीच पोहोचले नाहीत.

थंडीचे महिने सरले. शोधपथक निघाले. दि. १२ मे १९३१ रोजी निम्म्या वाटेवर बर्फात उभ्या रोवलेल्या वेगेनर यांच्या लाकडी घसरपट्ट्या दिसल्या. खाली खोदल्यावर त्यांचा देह मिळाला. अतिश्रमाने हृदय बंद पडले असावे. देह नीट गुंडाळून, शिवून, काळजीपूर्वक पुरलेला होता. हे काम रास्मुसने एकट्याने केले होते. तशा थंडीत, अंधारात, एकट्याने! त्यानंतर वेगेनर यांची रोजनिशी बरोबर घेऊन तो पुढे निघाला. तो पुन्हा कोणालाच दिसला नाही. त्याचा देहही मिळाला नाही आणि रोजनिशीही नाही. पुस्तकांत वेगेनर यांचे नाव मोठ्या अक्षरांत असते. रास्मुस व्हिलुम्सेनचे कित्येकदा नसतेच. म्हणून मी ते इथे मुद्दाम लिहिले आहे. तुम्हीही ते लक्षात ठेवा.

वेगेनर यांना तिथेच बर्फात ठेवले आहे. तो बर्फ आजही हळूहळू सरकत असतो आणि त्यांना आपल्याबरोबर घेऊन जातो. जन्मभर ज्यांनी सरकण्याचा अभ्यास केला त्यांना असा मुक्काम मिळाला.

काळ्या दगडाची साक्ष

वेगेनर गेल्यावर त्यांचा सिद्धांत बरीच वर्षे मागे पडला. मग १९५० च्या दशकात एक नवी युक्ती निघाली. लाव्हारस थंड होऊन दगड बनतो तेव्हा त्यातले लोहयुक्त कण होकायंत्राच्या सुईसारखे पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून बसतात आणि तसेच गोठतात. विषुववृत्ताजवळ ही सुई आडवी राहते. ध्रुवाकडे जावे तशी ती अधिकाधिक तिरकी होते. म्हणून दगडातली ही गोठलेली सुई मोजली की तो दगड कोणत्या अक्षांशावर तयार झाला ते कळते.

लंडनच्या शास्त्रज्ञांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी दख्खनच्या काळ्या दगडाचे नमुने तपासले. या मुंबईच्या संशोधकांत सहस्रबुद्धे हे नाव आहे, म्हणजे मराठी माणूसही होता. दगडाने साक्ष दिली की आपण तयार झालो तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. दख्खनचा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तेवढ्या काळात आपला देश विषुववृत्त ओलांडून इतका उत्तरेला आला. आजीच्या पाट्याचे कोडे सुटले! ज्या पाट्यावर ती चटणी वाटते तो दगड दक्षिण गोलार्धात जन्मला आहे.

पुढे समुद्राच्या तळाचे नकाशे झाले. तिथे लांबच लांब भेगांतून नवा खडक वर येताना आढळला. १९६० च्या दशकात सर्व पुरावे एकत्र आले आणि वेगेनर यांचे मुख्य म्हणणे जगाने मान्य केले. खंड सरकतात, पण एकटे नाहीत, तर भूपट्ट नावाच्या मोठ्या तुकड्यांवर बसून. त्यांना हलवणारी शक्ती पृथ्वीच्या आतल्या उष्णतेतून येते. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. मी पहिलीत आल्यापासून सातवीत येईपर्यंत आपली शाळा, फळ्यासकट आणि या भित्तीपत्रिकेसकट, माझ्या पट्टीच्या लांबीएवढी उत्तरेला गेली आहे. कोणालाच पत्ता नाही!

आपण काय घ्यावे

वेगेनर यांच्या चरित्रातून मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, वेगळे काही सुचले तर नुसते सांगून थांबू नये. पुरावा गोळा करावा. दोन, लोक हसले तर चिडू नये, आणि आपली बाजू जिथे कमी पडते तिथे ती कमी आहे हे मान्य करावे. तीन, ज्यांना आपण कामावर पाठवले त्यांचा शिधा पोहोचवणे ही आपली जबाबदारी मानावी. या तिसऱ्या गोष्टीपायी त्यांनी प्राण दिला.

आणि पालकांना एक विनंती. तीस कोटी वर्षे टिकलेल्या रेघा पहारीच्या एका घावाने जातात. दगडाची खडी झाली की तो काही सांगू शकत नाही. आपल्यापैकी कोणी चंद्रपूरकडे गेले तर पैनगंगेच्या काठचा तो खडक डोळ्यांनी पाहावा, फोटो काढावा, पण तुकडा काढू नये. दगडशोधातला नियमच आहे की डबी जागच्या जागी ठेवायची.

आता वाचकांसाठी दगडशोध. या भित्तीपत्रिकेखालच्या बाकावर तीन दगड ठेवले आहेत. एक नदीतला, एक लाव्हारसाचा आणि एक मुद्दाम वाळूवर घासून ओरखडे पाडलेला. कोणता कुठला ते हातात घेऊन ओळखा आणि शेजारच्या वहीत कारणासह लिहा. नुसते उत्तर लिहिले तर गुण नाहीत!

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी